रास्पबेरी पायच्या पिनांना बाहेरची उपकरणं जोडताना: ५ व्होल्ट ‘चाललं’ म्हणजे सुरक्षित झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणकाचा बोर्ड, पुढे नुसता ‘पाय’) वापरून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायची, पाणी कमी झालं की पंप सुरू करायचा आणि आकडे छोट्या एलसीडीवर दाखवायचे. सामान आणलं आहे ते असं: एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर, एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा), मागे आयटूसीची (दोन तारांवर माहिती पाठवण्याची पद्धत) पट्टी लावलेला सोळा बाय दोनचा एलसीडी आणि एक रिले (विजेवर चालणारा स्विच) मॉड्यूल. टाकीपासून बोर्डापर्यंत १५ मीटर केबल लागेल. एका मित्राने सेन्सरची तार सरळ पिनला लावली, ती अजून व्यवस्थित चालते आहे. दुसऱ्याने तेच केलं आणि त्याचा बोर्ड गेला. मग खरं कोणाचं?

दोघांचंही खरं आहे. पहिल्याचा बोर्ड टिकला तो जोडणी बरोबर होती म्हणून नव्हे, आणि दुसऱ्याचा गेला त्यात निव्वळ नशिबाचा भाग नाही. पिनच्या आत काय घडतं ते कळलं की दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो आणि तुमच्या चारही वस्तू कशा जोडायच्या हेही बरंचसं आपोआप ठरतं. म्हणून आधी पिनबद्दल जरा सविस्तर लिहितो.

२०१४ मध्ये आलेल्या बी प्लस मॉडेलपासून रास्पबेरी पायवर ४० पिनांची दुहेरी रांग असते. त्यातल्या काही पिना ५ व्होल्ट देतात, काही ३.३ व्होल्ट देतात, आठ पिना ग्राउंडच्या आहेत आणि उरलेल्या जीपीआयओ, म्हणजे तुम्ही प्रोग्रॅममधून वापरू शकता अशा. घोळ इथेच सुरू होतो. बोर्डाला ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, रांगेत ५ व्होल्टच्या पिना समोरच दिसतात, आणि आधी आर्डुइनो उनो हा दुसरा लोकप्रिय बोर्ड वापरला असेल तर त्याच्या पिना ५ व्होल्टच्याच असतात. त्यामुळे ‘हाही बोर्ड ५ व्होल्टचा’ अशी समजूत होते. पण पायच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पिनवर ०.८ व्होल्टच्या खाली काही असेल तर पाय ४ त्याला शून्य समजतो, २ व्होल्टच्या वर असेल तर एक. ३.३ च्या वर काही येणं अपेक्षितच नाही.

आता ५ व्होल्ट आलेच तर? अशा चिपमध्ये प्रत्येक पिनजवळ अंगावरच्या स्थिर विजेपासून बचाव करणारी रचना असते. ती डायोडसारखी, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखी वागते. पिनवरचं व्होल्टेज ३.३ च्या वर साधारण ०.६ व्होल्टने गेलं की ती रचना वाहू लागते आणि जास्तीचा करंट चिपच्या ३.३ व्होल्टच्या वाटेत ढकलते. स्थिर विजेचा एक सूक्ष्म झटका झेलण्यापुरतीच तिची कुवत असते, सतत वाहणारा करंट सोसण्याची नाही. किती करंट घुसेल हे बाहेरचं उपकरण किती जोर लावू शकतं त्यावर ठरतं, कारण तारेत त्याला अडवणारं दुसरं काहीच नसतं.

तुमच्या पहिल्या मित्राचं गणित इथे सुटतं. एचसी-एसआर०४ ची एको पिन सतत ५ व्होल्टवर नसते. आवाज जाऊन परत येईपर्यंतच ती वर असते. टाकीतलं पाणी एक मीटर खाली असेल तर हा काळ सुमारे ६ मिलिसेकंद. दर मिनिटाला एकदा मोजलं तर उरलेला सगळा वेळ ती पिन शून्यावर. म्हणजे मार बसतोच आहे, पण फार थोडा वेळ, आणि चिप तो सोसते आहे. दुसऱ्या मित्राने कदाचित सेकंदाला दहा वेळा मोजलं असेल, कदाचित त्याच्या सेन्सरचं आउटपुट जास्त जोरकस असेल, किंवा त्याने ५ व्होल्ट सतत धरून ठेवणारी दुसरी एखादी वस्तू जोडली असेल. कधी नुसती ती पिन मरते आणि बाकी बोर्ड चालू राहतो. कधी आत घुसलेल्या करंटमुळे चिपचा आतला मार्गच शॉर्टसारखा उघडतो, चिप भराभर तापते आणि वीज काढेपर्यंत ते थांबत नाही. यातलं काय होईल हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच ‘माझ्याकडे चाललं’ हा पुरावा मी कधीच धरत नाही.

एक प्रसंग लोकांच्या लक्षातच येत नाही: बोर्ड बंद आहे आणि सेन्सर वेगळ्या अडॅप्टरवर चालू आहे. तेव्हा चिपची ३.३ व्होल्टची वाट शून्यावर असते, आणि सेन्सर त्या एका पिनमधून अख्खा बोर्ड चालवायचा प्रयत्न करू लागतो. अशा वेळी सेन्सर ३.३ व्होल्टचा असला तरी धोका आहे. म्हणून शक्य तिथे सेन्सरची वीज बोर्डाच्याच पिनांमधून घ्यावी, म्हणजे दोघं बरोबर चालू आणि बरोबर बंद होतात.

तेव्हा कुठलीही नवी वस्तू हातात घेतली की मी स्वतःला विचारतो, या तारेवर जास्तीत जास्त किती व्होल्ट येऊ शकतात? नेहमी किती येतात हा प्रश्न नव्हे. तार सुटली, उलटी लागली, एक बाजू बंद राहिली तर किती येतील, हा प्रश्न. आणि आले तर करंटला अडवायला वाटेत काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एक साधा रेझिस्टर असतो. तो काही पैशांत मिळतो, बोर्ड काही हजारांना.

आता तुमच्या वस्तू एकेक घेऊ.

एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्टच लागतात. ट्रिगर पिनवर १० मायक्रोसेकंदांचा ठोका द्यायचा असतो. तो पायने ३.३ व्होल्टचा दिला तरी सेन्सरला कळतो, त्यामुळे ती तार सरळ गेली तरी चालेल. एकोची तार मात्र दोन रेझिस्टरच्या विभाजकातून, म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या जोडीतून आणायची. जिकडेतिकडे १ किलोओम आणि २ किलोओमची जोडी सुचवलेली दिसते. गणिताने त्यातून ३.३३ व्होल्ट येतात, म्हणजे काठावर. पायचे चांगले अडॅप्टर मुळातच ५.१ व्होल्ट देतात आणि काही चार्जर ५.२५ पर्यंत जातात. तेव्हा तीच जोडी ३.५ व्होल्ट देते. शिवाय २ किलोओम प्रत्येक दुकानात मिळतोच असं नाही, मग लोक १ आणि २.२ लावतात आणि ३.४४ वर जातात.

मी वर २.२ किलोओम आणि खाली ३.३ किलोओम वापरतो. म्हणजे एकोपासून पिनपर्यंत २.२, आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत ३.३. यातून ५ व्होल्टचे बरोबर ३ व्होल्ट होतात, ५.२५ आले तरी ३.१५ च. दोन्ही आकडे २ च्या पुष्कळ वर असल्यामुळे वाचण्यात शंका राहत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. ब्रेडबोर्डवर खालचा ३.३ किलोओम निसटला तर पिनवर ५ व्होल्ट येतील, पण २.२ किलोओममधून, म्हणजे आत घुसणारा करंट अर्ध्या मिलिअँपच्या आसपास राहील. बोर्ड बहुधा वाचेल. थेट तारेत ही सोय नसते. विभाजक बोर्डाच्या बाजूला ठेवा, टाकीच्या बाजूला नको, म्हणजे केबलमध्ये काही बिघडलं तरी शेवटचा पहारा पिनजवळच असेल.

एक सल्ला सेन्सरबद्दलही देतो, कारण आतापर्यंतचा खटाटोप त्यावरच अवलंबून आहे. एचसी-एसआर०४ ची उघडी डोळ्यांची जोडी बंद टाकीत टिकत नाही. झाकणाखाली वाफ धरते, थेंब जमतात, काही महिन्यांत आकडे वेडेवाकडे येऊ लागतात. टाकीसाठी जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक डोळ्याचा प्रकार घ्या. त्याला जवळचं सुमारे २० ते २५ सेंटिमीटर अंतर दिसत नाही, तेव्हा टाकी काठोकाठ भरते त्या पातळीच्या तेवढा वर तो बसवावा लागेल. ५ व्होल्टवर चालवला तर त्याचा एकोही ५ व्होल्टचाच, म्हणून विभाजक तसाच ठेवायचा.

एलसीडीचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण त्यात ५ व्होल्ट कुठून येतात ते दिसत नाही. आयटूसीच्या दोन्ही तारांवर कोणीही उपकरण व्होल्टेज ‘पाठवत’ नाही. सगळे फक्त तार खाली ओढतात आणि वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतात. पायवर तिसऱ्या आणि पाचव्या पिनला १.८ किलोओमचे पुल-अप ३.३ व्होल्टला कायमचे जोडलेले आहेत. एलसीडीच्या मागच्या पट्टीवरही पुल-अप असतात, बहुधा ४.७ किलोओमचे, आणि ते त्या पट्टीच्या व्हीसीसीला, म्हणजे तुम्ही दिलेल्या ५ व्होल्टला जोडलेले असतात. दोघांच्या रस्सीखेचीत तार साधारण ३.८ व्होल्टवर स्थिरावते. डायोड वाहायला लागेल त्याच्या जरा अलीकडे. त्यामुळेच असंख्य लोकांचे एलसीडी असे सरळ जोडून चालतात आणि त्यांना कधी काही होत नाही. पण ३.८ हे मर्यादेच्या बाहेरच आहे, आणि बोर्ड बंद असताना एलसीडी वेगळ्या विजेवर राहिला तर ते ५ व्होल्ट सरळ पायकडे बघत असतात.

यावर दोन उपाय आहेत. पट्टीवरचे ते दोन पुल-अप रेझिस्टर सोल्डरिंगने काढून टाका. मग तारा फक्त पायच्या पुल-अपने ३.३ पर्यंत जातील. पट्टीवरची पीसीएफ८५७४ चिप ५ व्होल्टवर असताना तिला ‘एक’ म्हणून कागदोपत्री ३.५ व्होल्ट हवे असतात, म्हणून हा उपाय चालतो बहुतेकदा, पण काठावर. दुसरा आणि मला आवडणारा उपाय म्हणजे बीएसएस१३८ ट्रान्झिस्टरवर बनलेला दुतर्फा लेव्हल शिफ्टर, म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ चा आणि ५ चा ३.३ चा करणारी छोटी पट्टी. त्याच्या एलव्ही बाजूला ३.३, एचव्ही बाजूला ५, दोन्हीकडचं ग्राउंड एकच. स्वस्त आहे, चार वाटा असतात, आणि आयटूसीसाठी तो अगदी योग्य. हा शिफ्टर रंगीत एलईडी पट्ट्यांसारख्या वेगवान कामाला मात्र मंद पडतो. तिथे ७४एएचसीटी१२५ सारखी चिप घ्यावी. तुम्हाला तूर्त त्याची गरज नाही.

जाता जाता: ज्या सेन्सरला ३.३ व्होल्ट चालतात त्यांना ३.३ च द्या, म्हणजे हा सगळा प्रश्नच उरत नाही. तापमानाचा डीएस१८बी२० हा ३ ते ५.५ व्होल्टवर चालतो. त्याला ३.३ द्यायचे, ४.७ किलोओमचा पुल-अपही ३.३ लाच लावायचा. हालचाल ओळखणाऱ्या एचसी-एसआर५०१ ला ५ व्होल्ट लागतात पण त्याचं आउटपुट ३.३ चं असतं. तरीही स्वस्त नकला इतक्या आहेत की मी तो मल्टिमीटरवर मोजल्याशिवाय लावत नाही. जमिनीतल्या ओलाव्याच्या सेन्सरसारखं कमीजास्त होणारं व्होल्टेज पायला वाचताच येत नाही, कारण त्याच्यात ते मोजण्याची सोय नाही. मधे एमसीपी३००८ ही व्होल्टेज मोजून आकडा देणारी चिप लावा, आणि तीही ३.३ वरच चालवा.

आता फ्लोट स्विच. दिसायला सर्वांत साधी वस्तू: आत चुंबकाने जुळणारा एक रीड स्विच, दोन तारा, ना व्होल्टेज ना काही. आणि तुमच्या सगळ्या सामानात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, त्याला कारण ती १५ मीटर केबल.

टेबलावरच्या बटणासाठी उत्तर सोपं आहे. बटणाची एक बाजू ग्राउंडला, दुसरी बाजू १ किलोओममधून पिनला, आणि प्रोग्रॅममध्ये आतला पुल-अप चालू. तो १ किलोओम कशासाठी, असं सगळे विचारतात. समजा चुकून ती पिन प्रोग्रॅमने आउटपुट करून ‘एक’वर ठेवली आणि तुम्ही बटण दाबलं. रेझिस्टर नसेल तर ३.३ व्होल्ट सरळ ग्राउंडला शॉर्ट. पिनची कुवत जेमतेम १६ मिलिअँपची आहे. रेझिस्टर असेल तर ३.३ मिलिअँप जातील आणि काहीही बिघडणार नाही. पिनला जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलच्या तारेत असा एक रेझिस्टर असावा, असं माझं ठाम मत आहे. विभाजकात तो आपसूक येतोच.

पण गच्चीवरून येणारी १५ मीटर तार ही बटणाची तार राहत नाही. ती एक लांब अँटेना असते. पायचा आतला पुल-अप साधारण ५० किलोओमचा, म्हणजे फार अशक्त; शेजारच्या नळीतून पंपाची वायर जात असेल तर मोटर सुरू होताना उठणारा झटका त्या तारेत सहज उतरतो. कमीत कमी हानी म्हणजे टाकी भरल्याची खोटी सूचना. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसकट येतो तेव्हा जवळपास कुठे वीज पडली तर गच्चीवरच्या तारेत उठणारं व्होल्टेज हजारात असू शकतं. त्यापुढे १ किलोओम काही करू शकत नाही.

म्हणून या तारेसाठी ऑप्टोकपलर लावा. पीसी८१७ सहज मिळतो. त्याच्या आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाशाने उघडणारा ट्रान्झिस्टर, मधे तांब्याचा संबंधच नाही. गच्चीच्या बाजूला १२ व्होल्टचा छोटा वेगळा अडॅप्टर घ्या. त्याच्या प्लसपासून फ्लोट स्विच, तिथून २.२ किलोओम, तिथून ऑप्टोची एलईडी आणि परत मायनसला. यातून सुमारे ५ मिलिअँप वाहतील, एलईडीला पुरेसे. एलईडीला उलटा एक १एन४१४८ डायोड जोडा, कारण पीसी८१७ ची एलईडी उलट दिशेने फक्त ६ व्होल्ट सोसते. केबल घरात शिरते तिथे दोन तारांमध्ये १५ व्होल्टच्या आसपासचा, जादा व्होल्टेज गिळणारा टीव्हीएस डायोड टाका. पायच्या बाजूला ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर पिनला, आणि पिनपासून ३.३ ला १० किलोओमचा पुल-अप. शिवाय पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे बारीकसारीक ठिणग्या गाळल्या जातील. या जोडणीत एकच पथ्य आहे: १२ व्होल्टच्या अडॅप्टरचं ग्राउंड आणि पायचं ग्राउंड एकमेकांना लावायचं नाही. बाकी सगळीकडे ‘ग्राउंड एक करा’ असं मी सांगतो आणि ते खरंच आहे. सेन्सरची वीज वेगळी असेल आणि ग्राउंड जोडलं नसेल तर आकडे हवेत तरंगतात. पण ऑप्टोकपलरचा सगळा अर्थच दोन्ही बाजू तुटक ठेवण्यात आहे. एका तारेने तुम्ही तो अर्थ घालवाल.

अल्ट्रासॉनिक सेन्सरची तारही तेवढीच लांब आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मायक्रोसेकंदांत मोजायचे ठोके साध्या तारेतून १५ मीटर आणणं मला पटत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी टाकीजवळ ईएसपी३२ चा वायफाय असलेला छोटा बोर्ड जलरोधक डबीत बसवला असता, सेन्सर आणि फ्लोट त्यालाच जोडला असता आणि आकडे वायफायवरून खाली पायकडे पाठवले असते. ईएसपी३२ च्या पिनाही ३.३ व्होल्टच्याच, तेव्हा विभाजक तिथेही लागेलच. पण गच्ची आणि घर यांच्यात सिग्नलची तार उरणार नाही. वीज पडली तर दीड-दोन हजारांच्या आतली डबी जाईल, खालचा पाय आणि त्याला जोडलेला टीव्ही नाही. वायफाय गच्चीवर पोचत नसेल तरच केबलचा विचार करा, आणि मग आरएस४८५ ही लांब तारांसाठीची सिग्नलची पद्धत वापरा. त्यासाठी मॅक्स३४८५ असलेलं मॉड्यूल मागा, ते ३.३ वर चालतं. नुसतं मॅक्स४८५ असेल तर ते ५ व्होल्टचं.

रिलेबद्दल थोडक्यात, कारण ते आउटपुट आहे. रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँप खाते, पिन ते देऊ शकत नाही. मधे ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन२००३ (अनेक ट्रान्झिस्टर असलेली चिप) हवाच. मॉड्यूलवर तो असतो. बाजारातली बहुतेक मॉड्यूल ‘शून्य दिलं की चालू’ अशी आणि ५ व्होल्टच्या हिशेबाने बनवलेली असतात, ३.३ ने ती नीट बंद होत नाहीत असा अनुभव येतो. ‘एक दिलं की चालू’ प्रकारचं मॉड्यूल घ्या, किंवा सुटा रिले आणि यूएलएन२००३. पिन निवडताना एक गोष्ट पाहा: वीज आल्यावर तुमचा प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत जीपीआयओ ० ते ८ हे पुल-अपने वर असतात आणि ९ ते २७ पुल-डाउनने खाली. ‘एक दिलं की चालू’ रिले जीपीआयओ ५ ला लावला तर दर वेळी लाइट येताच पंप क्षणभर हिसका मारेल. तो १७ ला लावा.

पंपाचं काम त्या निळ्या रिलेवर सोपवू नका. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट खेचते आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून बसतात. मग प्रोग्रॅमने कितीही बंद म्हटलं तरी पंप चालूच. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवावी, कॉन्टॅक्टरने पंप, आणि २३० व्होल्टची ही सगळी जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. शिवाय पाण्याच्या अगदी वरच्या पातळीला एक वेगळा फ्लोट स्विच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेतच टाकायला सांगा, त्या व्होल्टेजला चालेल असा. पाय अडकला, मेमरी कार्ड खराब झालं, काहीही झालं तरी टाकी ओसंडायच्या आत पंप थांबायला हवा.

आता प्रत्यक्ष हात लावण्याची वेळ. जेवढे बोर्ड मी मेलेले पाहिले त्यांत चुकीच्या व्होल्टेजच्या सेन्सरने मेलेले कमी आणि चुकीच्या भोकात घातलेल्या तारेने मेलेले जास्त. याचं मोठं कारण दोन प्रकारचे क्रमांक. एक रांगेतला क्रमांक, १ ते ४०. दुसरा चिपचा जीपीआयओ क्रमांक. जीपीआयओ ४ ही रांगेतली सातवी पिन आहे. रांगेतली चौथी पिन ५ व्होल्टची आहे. ‘चार नंबरला लाव’ एवढ्या एका वाक्याने बोर्ड जाऊ शकतो. जीपीआयओ २ चं तसंच: ती तिसरी पिन, आणि रांगेतली दुसरी पिन पुन्हा ५ व्होल्टची. कागदावर दोन्ही क्रमांक लिहा आणि मगच जोडा. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही आज्ञा दिली की तुमच्या बोर्डाचं अख्खं चित्र समोर येतं. पहिली पिन मेमरी कार्डाच्या टोकाला, आतल्या रांगेत. बोर्ड उलटा करून पाहिला तर तिचा सोल्डरचा ठिपका चौकोनी असतो.

तुमच्यासाठी मी असं मांडेन: ट्रिगर जीपीआयओ २३ ला, म्हणजे सोळावी पिन. एको विभाजकातून २४ ला, अठरावी. फ्लोट २५ ला, बाविसावी. रिले १७ ला, अकरावी. आयटूसी तिसऱ्या-पाचव्या पिनवर. ३.३ व्होल्ट घेताना पहिली पिन टाळून सतरावी वापरा. पहिलीच्या अगदी शेजारी ५ व्होल्टची दुसरी पिन आहे, आणि ३.३ व ५ एकमेकांना चिकटले तर एक पिन नव्हे, सगळा बोर्ड जातो. सतरावीच्या आसपास ५ व्होल्ट नाहीत. सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी पिन मोकळी सोडा, त्या वर बसणाऱ्या हॅट बोर्डांची ओळख पटवण्यासाठी राखीव आहेत. पाय ४ वर यूएसबीच्या बाजूला चार पिनांचा एक वेगळा छोटा चौकोन दिसेल. नेटवर्कच्या केबलमधून वीज येत असेल तर तिथे ५० व्होल्टच्या आसपास असतात, तिकडे कुठलीही सुटी तार जाऊ देऊ नका.

तारा लावताना किंवा काढताना अडॅप्टर उपटलेला असावा. नुसतं शटडाउन पुरेसं नाही, कारण अडॅप्टर लागलेला असेपर्यंत ५ व्होल्टच्या पिना जिवंत असतात. सगळं लावून झालं की वीज देण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जुळलेली असली की बीप देतो तो पर्याय) ठेवून तीन ठिकाणी टेकवा: ५ आणि ग्राउंड, ३.३ आणि ग्राउंड, ५ आणि ३.३. कुठेही सलग बीप येता कामा नये. विभाजक मात्र बोर्डाला जोडायच्या आधीच तपासायचा. सेन्सर चालू करून एको मोजायला जाऊ नका, ठोका इतका छोटा असतो की मल्टिमीटरला तो दिसतच नाही आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. त्याऐवजी मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट विभाजकाच्या वरच्या टोकाला द्या आणि मधल्या बिंदूवर मोजा. ३ व्होल्टच्या जवळपास आले तर रेझिस्टर बरोबर आणि योग्य बाजूला आहेत. २ आले तर उलटे लागलेत. ५ आले तर खालचा निसटलाय.

रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म घ्या. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शंभराची पाकिटं मिळतात. तिथेच दोन-चार पीसी८१७ आणि एक बीएसएस१३८ चा शिफ्टर घेऊन ठेवा.

शेवटी, दुसऱ्या मित्राचा बोर्ड खरंच मेला आहे का, हेही बघून घ्यायला हरकत नाही. तो सुरू होत असेल तर बहुधा एखादीच पिन गेली असेल. पिनला काहीही न जोडता ती इनपुट करा, आतला पुल-अप लावून वाचा, मग पुल-डाउन लावून वाचा. आधी एक आणि नंतर शून्य आलं तर निदान वाचण्यापुरती ती पिन शाबूत आहे. जीपीआयओ २ आणि ३ ला ही चाचणी लागू पडत नाही, तिथे कायमचा पुल-अप आहे म्हणून नेहमी एकच येणार. बाकी कुठलीही पिन दोन्ही वेळा तेच उत्तर देत असेल तर ती गेली. तिची नोंद करून ती सोडून द्या आणि बोर्ड वापरत राहा. पण काहीही न जोडता चिप हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर तो बोर्ड पुन्हा अडॅप्टरला लावू नका.